खताच्या दुकानातला लॅपटॉप आणि न सांडलेलं पाणी

श्रावण लागून आठवडा झाला होता. मानवतच्या पुढं एका गावात कृषी सेवा केंद्र चालवणारे एक मामा पिशवीत लॅपटॉप घालून परभणीला माझ्या दुकानात आले. पिशवी युरियाच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली होती. ते मी पाहिलं आणि तिथंच सोडून दिलं. पुढं त्याचीच खंत वाटली.

तक्रार त्यांच्या शब्दांत अशी: "सकाळी दुकान उघडलं की चार्जिंग घेईना. लाईट हाय, चार्जर नवा आणलाय, तरी घेईना. दुपारचे एक-दोन वाजले की आपोआप घ्यायलाय. बॅटरीवर फुली दाखवायलाय. आन् मधीच बंद बी पडायलाय." बिलं, साठ्याचा हिशेब, गावातल्या शंभरेक घरांची उधारी, सगळं त्याच लॅपटॉपवर. खरिपाचे दिवस असल्यानं त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आधी एका ठिकाणी दाखवून झालं होतं. तिथं मागचं झाकण काढून दोन मिनिटांत सांगितलं, "बोर्डावर पाणी गेलंय, हिरवं पडलंय. बोर्ड बदला, चौदा हजार." मामांचा सगळा राग त्या 'पाणी गेलंय' वर होता. "लेकराची शपथ घेऊन सांगतो, एक थेंब सांडला नाही. आमच्या दुकानात चहा सुद्धा बाहेरच्या बाकड्यावर पितेत."

गिऱ्हाईक खोटं बोलतं असं धरून चालणारे कारागीर बरेच भेटतात. मी तसं धरत नाही. खरं असो वा खोटं, बोर्डावरच्या खुणा वाचता येतात आणि त्याच शेवटी निकाल देतात.

झाकण उघडल्यावर

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. लॅपटॉप बंद दिसला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत ३.३ आणि ५ व्होल्ट अखंड चालू असतात. क्षार साठलेल्या ठिकाणी ओलावा आणि व्होल्टेज एकत्र आले की एका टोकाचं तांबं विरघळतं आणि दुसऱ्या टोकावर जमून बारीक फांद्या फुटाव्यात तसं वाढत जातं. म्हणून गंजलेला लॅपटॉप 'बंद करून कपाटात ठेवला' तरी आत गंज वाढत राहतो. मी बॅटरी काढली, ती कुठं फुगली आहे का ते पाहिलं, मग बटणासारखा छोटा सेल काढला आणि चालू करायचं बटण वीस सेकंद दाबून धरलं.

पाणी सांडलं असेल तर ते वरून येतं. कीबोर्डच्या खालच्या पत्र्यावर ओघळ दिसतात, चहाच्या कपाचा टेबलावर गोल उठतो तशी डागाला कडा असते, आणि सगळ्यात जास्त खराबी त्या ओघळाखालीच असते. इथं कीबोर्डचा पत्रा कोरडा ठणठणीत होता. काही कंपन्या आत पाणी लागलं की लाल होणारे पांढरे ठिपके चिकटवतात. या लॅपटॉपमध्ये तसे दोन होते आणि दोन्ही पांढरेच होते.

खराबी होती, पण तिची वाट वेगळी होती. पंख्याच्या खालच्या जाळीपासून ती सुरू झाली होती. हवा जिथून आत येते, जिथून वळते आणि जिथं मंदावते, बरोबर तिथंच थर बसला होता. चार्जरची पिन बसते त्या जॅकच्या मागच्या बाजूला, चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपभोवती, पंख्याच्या पात्यांवर. म्हणजे जे आत आलं ते हवेतून आलं. मामा खरं बोलत होते.

भिंगाखाली तिथं काय दिसलं ते सविस्तर सांगतो, कारण कोणता द्रव वापरायचा हे ओळखीवरच ठरतं.

पंख्याच्या पात्यांवर करडी-गुलाबीसर भुकटी होती, बोटाला किंचित चिकट लागणारी. जॅकच्या पायांशी निळसर-हिरवी फुगीर पुटकुळी होती. तांब्याचे क्षार असेच दिसतात. क्लोराइड असलं की हिरव्याकडे झुकतात, अमोनियाचा संबंध आला की निळ्याकडे. चिपच्या आजूबाजूच्या काही कपॅसिटरच्या (थोडी वीज साठवणाऱ्या बारीक भागांच्या) टोकांवर सोल्डरची चमक जाऊन पांढरट-करडी बुरशी आल्यासारखं झालं होतं. ते कथलाचे क्षार. आणि बॅटरीच्या कनेक्टरजवळच्या तीन रेझिस्टरच्या, म्हणजे विजेला रोध करणाऱ्या बारीक भागांच्या, कडांना काळे, काजळीसारखे कोंब फुटले होते. हा काळा रंग मी त्या दिवशी नीट वाचला नाही.

जे गंज नव्हतं तेही तिथं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण नवा कारागीर इथंच घोटाळा करतो आणि चांगला बोर्ड खरवडून बिघडवतो. काही पायांभोवती तपकिरी, काचेसारखा पारदर्शक थर असतो. तो कारखान्यातल्या फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात त्या पदार्थाचा, निरुपद्रवी. मोठ्या चिपच्या चार कोपऱ्यांवर लाल किंवा काळा घट्ट गोंद असतो. तो चिप हलू नये म्हणून मुद्दाम लावलेला. प्रोसेसरभोवतीची करडी पेस्ट उष्णतेसाठीची. स्क्रूच्या भोकांभोवती कथलाच्या ठिपक्यांची रांग असते, ती उन्हात पांढरी दिसते आणि लोक तिला बुरशी समजतात. साधी परीक्षा अशी: गंजानं खालच्या धातूचा पृष्ठभाग खाल्लेला असतो, खडबडीत केलेला असतो. गोंद किंवा फ्लक्सखाली धातू गुळगुळीत आणि चमकदार राहतो.

माझी चूक

मी त्या दिवशी तेच केलं जे बहुतेक दुकानांत होतं. ९९ टक्क्यांचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रशनं सगळीकडे फिरवलं. हिरवं निघालं, बोर्ड लखलखीत दिसला. सुकवून जोडला, चार्जिंग घेतलं, बॅटरीवरची फुली मात्र गेली नाही. बॅटरी जुनी झाली असेल असं सांगून मी लॅपटॉप परत दिला. पैसे फक्त साफसफाईचे घेतले.

चार दिवसांनी, रात्रभर भुरभुर लागून राहिलेल्या पावसानंतरच्या सकाळी फोन आला. "दादा, परत तेच."

कारण साधं होतं आणि मला ते ठाऊक असायला हवं होतं. आयपीए तेलकट मेण, फ्लक्स, बोटांचे डाग छान विरघळवतं. मिठासारखे क्षार त्यात जवळजवळ विरघळत नाहीत. साखरही नाही. मी क्षार काढले नव्हते. ब्रशनं ते पातळ करून शेजारच्या स्वच्छ जागेवर पसरवले होते. दोन मोठ्या खड्यांच्या जागी बोर्डभर न दिसणारा थर झाला होता. चहा सांडलेल्या कितीतरी बोर्डांवर माझ्या आणि इतरांच्या हातून हेच झालं असेल, असं आता वाटतं: दिसायला साफ, आणि पहिल्या दमट दिवशी परत बंद.

दुकानात जाऊन पाहिलं

सेलूला एक काम होतं, वाट वाकडी करून मामांच्या दुकानात गेलो. पाच मिनिटांत सगळं समजलं.

लॅपटॉप काउंटरवर नव्हता. काउंटर बियाण्यांच्या पाकिटांनी भरलेला, म्हणून लॅपटॉप मागच्या बाजूला एका उपड्या खोक्यावर, जमिनीपासून गुडघ्याइतका उंच. एका बाजूला युरियाची ४५ किलोची पोती, दुसऱ्या बाजूला डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट, अमोनियाचं खत) आणि लाल पोटॅशची थप्पी. हमाल हुक मारून पोती उतरवतात, पोत्याला भोक पडतं, सांडलेलं झाडून कोपऱ्यात लोटतात. लॅपटॉपचा पंखा हवा खालून ओढतो. म्हणजे दिवसभर तो त्या झाडलोटीची धूळ आत घेत होता. आणि पाठीमागं, हात लांब केला तर लागतील अशी, गंधकाची पोती. आपल्याकडं सोयाबीन वाढल्यापासून गंधकाचा खप वाढलाय. तेलबियांना गंधक लागतंच.

मी पंख्याच्या पात्यांवरून काढलेली भुकटी कागदाच्या पुडीत नेली होती. "मामा, ही काय असंल?" म्हणून विचारलं. त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, खिशातली चुन्याची डबी काढली, तंबाखू मळावा तसा चुना घालून अंगठ्यानं मळली आणि हात माझ्या नाकाशी धरला. झणकन अमोनियाचा वास. "डीएपी हाय ह्यात," ते म्हणाले. अमोनियाच्या खताला चुना लागला की अमोनिया सुटतो; अस्सल डीएपी ओळखायची शेतकऱ्यांची ही परीक्षा मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. लॅपटॉपच्या पंख्यातल्या धुळीवर ती चालेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उरलेली भुकटी त्यांनी ग्लासातल्या पाण्यात टाकली. जवळजवळ सगळी विरघळली, पाण्यावर लालसर तवंग आला. "पोटॅश."

पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. तांब्याला आणि कथलाला क्लोराइडइतका वाईट सोबती दुसरा क्वचितच.

आता सकाळ-दुपारचं कोडं सुटलं. प्रत्येक क्षार हवेतल्या ठरावीक ओलाव्यापर्यंत कोरडा राहतो आणि त्यापुढं हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाघळतो. ३० अंश सेल्सिअसला युरियासाठी ही हद्द साधारण ७२-७३ टक्के आर्द्रतेची, डीएपीसाठी ८२ च्या आसपास, पोटॅशियम क्लोराइडसाठी ८४. दोन खतं एकत्र आली की हद्द दोघांच्याही खाली घसरते. युरिया आणि पोटॅश मिसळलं तर ६० च्या आसपासच पाघळायला लागतं. शेतकरी हे वेगळ्या शब्दांत जाणतात: पावसाळ्यात युरियात दुसरं खत कालवून ठेवायचं नाही, खिचडी होते. बोर्डावर तीच खिचडी झाली होती. श्रावणातल्या सकाळी हवा ओली, थर ओला, वीज चोरवाटेनं वाहते. दुपारी आर्द्रता उतरली, पत्रे तापले, थर सुकला, लॅपटॉप शहाण्यासारखा चालू. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत याच धुळीनं काही केलं नव्हतं, म्हणून मामांना वाटत होतं की बिघाड पावसाळ्यातच 'आला'. धूळ आधीपासून होती. पाणी तिनं हवेतून प्यायलं.

अर्धा मेगाओहम घाण

लॅपटॉप परत आणला. या वेळी साफ करण्याआधी मोजायचं ठरवलं.

चार्जिंगच्या चिपला चार्जर लागलाय की नाही हे एका पायावरच्या व्होल्टेजवरून कळतं. चार्जरचे १९.५ व्होल्ट दोन रेझिस्टरमध्ये वाटून त्या पायाला दिले जातात. या बोर्डावर वरचा रेझिस्टर ४३० किलोओहमचा, खालचा ६६.५ किलोओहमचा. गणित केलं तर पायावर २.६१ व्होल्ट यायला हवेत. चिपची हद्द २.४ व्होल्ट, त्याच्या वर असेल तर चार्जर आहे, खाली असेल तर नाही.

आता खालच्या रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये ओल्या क्षाराचा पूल झाला आणि त्याचा रोध अर्धा मेगाओहम धरला, तर ६६.५ चे प्रत्यक्षात ५८.७ किलोओहम होतात. पायावरचं व्होल्टेज २.३४. हद्दीच्या खाली. चार्जर नवा असो, वीज पूर्ण असो, चिपच्या लेखी चार्जर लागलेलाच नाही. अर्धा मेगाओहम म्हणजे मल्टीमीटरवर 'काहीच नाही' वाटावं इतका मोठा रोध. शॉर्ट शोधणारा कारागीर बीप वाजवून बघतो, बीप वाजत नाही, आणि बोर्ड ठीक आहे किंवा चिप गेली आहे असं सांगून मोकळा होतो.

खात्री करायला मल्टीमीटरची टोकं चिपच्या त्या पायावर आणि बोर्डाच्या ग्राउंडवर धरली, रोध वाचला, आणि चष्मा पुसायला काचेवर तोंडानं 'हा' करतो तसा गरम श्वास बोर्डावर सोडला. आकडा डोळ्यांदेखत घसरला आणि मिनिटभरात हळूहळू परत चढला. स्वच्छ बोर्डावर हा आकडा जवळपास हलत नाही. कुठलंही महाग यंत्र न लागणारी ही चाचणी मला फार मोलाची वाटते.

दुसरी चाचणी टीडीएस मीटरची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणाऱ्या मीटरची. पाण्याच्या जारवाल्यांकडं असतं तेच पेनासारखं मीटर. २० मिली डिस्टिल्ड पाणी घेतलं, आकडा १. त्यात नवाकोरा कापसाचा बोळा बुडवून पिळला, ३. मग तसाच दुसरा ओला बोळा चिपच्या भोवती फिरवून त्याच मापाच्या पाण्यात पिळला, १८०. माझ्या पहिल्या लखलखीत सफाईनंतरचा हा आकडा होता. बोर्ड तयार करणाऱ्या कारखान्यांतही कल्पना हीच असते: ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के शुद्ध पाण्याच्या मिश्रणात बोर्ड धुवायचा आणि त्या द्रवातून वीज किती वाहते यावरून क्षार किती ते काढायचं. त्यात पाणी का घालतात, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं.

धुणं

बोर्ड पूर्ण बाहेर काढला. रॅम, एसएसडी, वायफायचं कार्ड, पंखा, तांब्याच्या नळ्यांची जाळी, सगळं वेगळं. दुकानात कीटकनाशकंही विकली जातात, त्यामुळं ही धूळ साधी धूळ मानायची नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, आणि कोरडं झाडणं दुकानाबाहेर मोकळ्या हवेत. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवली. हवेनं भरधाव फिरवलं की बेअरिंग खराब होतं.

मग पाणी. लॅपटॉपच्या बोर्डाला पाणी लावायचं म्हटलं की ऐकणारा दचकतो. बॅटरी आणि सेल काढलेले असताना शुद्ध पाण्यानं बोर्डाचं काही बिघडत नाही. बिघडवतात पाण्यातले क्षार, आणि ओला असताना दिलेली वीज. म्हणून पाणी डिस्टिल्डच हवं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी हंड्याला पांढरा थर चढवतं, ते बोर्डालाही चढवेल. जारचं पाणीही नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी गॅरेजवर मिळतं, ते चालतं. पण त्याच दुकानात, तसल्याच बाटलीत बॅटरीचं अ‍ॅसिडही मिळतं. लेबल वाचून घ्यायचं, आणि घरी येऊन टीडीएस मीटर बुडवून पाहायचं.

कोमट डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, बोर्ड तिरपा धरलेला, म्हणजे घाण पाणी एकाच बाजूनं खाली गळतं आणि स्वच्छ भागावरून जात नाही. मागच्या वेळी नेमकं उलटं झालं होतं. चार वेळा पाणी बदललं. चौथ्या वेळच्या पाण्याचा आकडा ४ आला तेव्हा थांबलो. त्यानंतर आयपीए, आणि आता त्याचं काम वेगळं: चिपच्या पोटाखाली शिरलेलं पाणी आयपीएमध्ये मिसळतं आणि त्याच्यासोबत बाहेर येऊन उडून जातं. तीन वेळा भरपूर ओतून निथळू दिलं. हे ९९ टक्क्यांचंच हवं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणीच असतं. हातावर लावायचं सॅनिटायझर तर मुळीच नको. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन असतं, ते उडत नाही, चिकट थर मागं ठेवतं आणि स्वतःही हवेतला ओलावा ओढतं.

थिनरनं कनेक्टरचं प्लास्टिक विरघळतं. पेट्रोलनं तेलकटपणा राहतो. व्हिनेगरचा सल्ला बरेच देतात. रिमोटच्या पेन्सिल सेलमधून गळलेल्या अल्कलीवर तो ठीक आहे, कारण ती अल्कली आहे. खताच्या क्षारावर व्हिनेगर टाकून आणखी एक आम्ल बोर्डावर नेण्यात काही अर्थ नाही. तांदळाच्या डब्यात ठेवण्यानं तर क्षार हलतच नाहीत, वर कोंडा जातो.

जॅकच्या पायांवरचं हिरवं पाण्यानं पूर्ण गेलं नाही. तांब्यात मुरलेला गंज कोणताही द्रव काढत नाही. काचतंतूच्या पेननं हलकं खरवडलं, फ्लक्स लावलं, ताजं सोल्डर वितळवून ते सांधे पुन्हा भरले आणि फ्लक्स धुऊन काढलं. दोन कपॅसिटरची टोकं खाल्ली गेली होती, ते भंगारातल्या बोर्डावरून काढून बदलले.

काळे कोंब

राहिली होती बॅटरीवरची फुली. गंधकाची पोती पाहिल्यावर ते तीन काळे रेझिस्टर आठवले. चांदीचे पैंजण जसे काळे पडतात तसंच हे. या बारीक रेझिस्टरच्या टोकांना आतून चांदीचा थर असतो, वरून निकेल आणि कथील. वरचं संरक्षक आवरण आणि ते टोक जिथं भेटतात तिथं केसाएवढी फट राहते. गंधकाची वाफ अगदी थोडी, पण साध्या तापमानालाही सुटत असते. बंद दुकानात महिनोन्‌महिने ती त्या फटीतून आत जाते, चांदीचं चांदी-सल्फाइड होतं, आणि एके दिवशी आतली जोडणीच तुटते. वरून रेझिस्टर जागेवर, सोल्डर ठीक, आकडा मात्र अनंत.

तिन्ही मोजले. दोन आतून तुटलेले, तिसरा १० किलोओहमच्या जागी ३८ दाखवत होता. त्यातले दोन बॅटरी आणि बोर्ड यांच्या बोलण्याच्या तारांवरचे होते. ते तुटल्यावर बॅटरी आत असूनही लॅपटॉपला तिची ओळख पटत नव्हती. मी मागच्या वेळी 'बॅटरी जुनी' म्हटलं होतं. मामांनी ते ऐकून नवी बॅटरी विकत घेतली असती तर साडेतीन हजार वाया गेले असते, आणि दोष माझा असता. तीनही रेझिस्टर बदलले, किंमत मिळून दहा रुपयेसुद्धा नाही.

खतानं केलेला गंज आणि गंधकानं केलेला गंज हे एकाच बोर्डावरचे दोन वेगळे आजार होते. खतांच्या क्षाराला ओलावा लागतो, तो पाण्यानं धुतला जातो. काळं सल्फाइड पाण्यात विरघळत नाही, धुण्यानं बरं होत नाही, भाग बदलावाच लागतो. हिरवं दिसलं म्हणून सगळं हिरव्याच्या खात्यात घातलं असतं तर दुसरा आजार तसाच राहिला असता.

सुकवणं माझ्याकडे ६० वॅटचा बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत होतं. इथं एक धोका आहे. आयपीए १२ अंशांच्या आसपासच्या तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे तर वर्षभर त्याहून गरम. त्यामुळं बोर्ड आधी पंख्याखाली उघड्यावर दोन तास, वास पूर्ण गेल्यावरच पेटीत, आणि मग रात्रभर.

सकाळी पुन्हा श्वासाची चाचणी घेतली. आकडा जागचा हलला नाही. चार्जर लावून पायावरचं व्होल्टेज मोजलं, २.६० आलं. बॅटरीवरची फुली गेली. तिची क्षमता ६१ टक्के उरली होती, म्हणजे जुनी होती हे खरं, पण मेलेली नव्हती. कीबोर्ड मात्र बदलावा लागला. त्यातले प्लास्टिकचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, उघडून धुता येत नाहीत.

दुसऱ्यांदा आलेल्या कामाचे धुण्याचे पैसे घेतले नाहीत. ते मीच अर्धवट केलेलं काम होतं.

दुकानातली मांडणी

बोर्ड कितीही धुतला तरी लॅपटॉप त्याच खोक्यावर गेला असता तर पुढच्या श्रावणात परत आला असता. मामांशी यावरच जास्त वेळ बोललो. लॅपटॉप पुढच्या काउंटरवर, पाकिटं मागच्या फळीवर. गंधक मागच्या खोलीत, दार लावून. उंची निदान कमरेएवढी. झाडताना लॅपटॉप बंद आणि वर सुती कापड. आणि दरवर्षी मृग निघायच्या आधी, मेच्या शेवटी, एकदा उघडून कोरड्या ब्रशनं झाडून घ्यायचा. त्या दिवसांत क्षार कोरडे, खडखडीत असतात, ब्रशला सुटून येतात; एकदा पाऊस पडून ते पाघळून बोर्डाला चिकटले की पाणी लावल्याशिवाय निघत नाहीत.

बॅटरीच्या कनेक्टरजवळच्या रेझिस्टरवर मी अ‍ॅक्रिलिक वॉर्निशचा पातळ थर दिला, कनेक्टरच्या पिना टेपनं झाकून. सिलिकॉन वापरलं नाही. सिलिकॉन पाणी अडवतं, पण गंधकाची वाफ त्यातून आरपार जाते.

दसरा झाल्यावर मामा सोयाबीन विकायला मोंढ्यात आले होते, तेव्हा लॅपटॉप सोबत आणला. पावसाळा पूर्ण निघाला होता, एकाही सकाळी चार्जिंग अडलं नव्हतं. झाकण उघडलं. पंख्यावर साधी करडी धूळ, चुना लावून मळली तर वास नाही. चिपभोवतीचा बोळा पिळून आकडा ६. जॅकचे पाय स्वच्छ. वॉर्निश दिलेले तीनही रेझिस्टर ठीक. त्यांच्यापासून दोन बोटं अंतरावर, वॉर्निश न दिलेल्या एका रेझिस्टरच्या कडेला भिंगातून काळी रेघ दिसली, मोजला तर आकडा अजून बरोबर होता. मामांना भिंगातून दाखवली. "गंधक दुसऱ्या गोदामात हलवतो," ते म्हणाले. मी त्या रेझिस्टरचा आकडा आणि तारीख त्यांच्या कार्डावर लिहून ठेवली. मेमध्ये लॅपटॉप झाडायला येईल तेव्हा पुन्हा मोजायचा आहे.